गोंगाटात बोललेलं

बाबा, शनिवारी मी मॅचला जाऊन आले. एकटीच गेले आणि एकटीच आले. मिलिंद अजून नागपूरला तुमचं घर आवरतोय. तुम्हाला जाऊन महिनासुद्धा झालेला नाही आणि ही बाई स्टेडियममध्ये जाऊन बसली, असं कुणी म्हणालं तर मी काय उत्तर देणार? तसंही तुमच्या शेवटच्या दर्शनाला मला येता आलं नाही. माझ्या व्हिसाचा शिक्का संपलाय, ग्रीन कार्डाचे कागद अर्धवट आहेत, देशाबाहेर पाऊल टाकलं असतं तर परत कधी येता आलं असतं कुणास ठाऊक. सासरा गेला आणि धाकटी सून आली नाही, यावर तुमच्या गल्लीत भरपूर चर्चा झाली असणार. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "करू दे ना चर्चा. मले कुठं ऐकू येऊन राहिली?"

मला तुम्हाला एकच विचारायचं आहे. गेल्या नोव्हेंबरच्या शेवटच्या मॅचला, त्या सगळ्या आरडाओरड्यात तुम्ही माझ्याकडे वळून काहीतरी बोललात. एखादा शब्द नाही, चांगलं लांबलचक बोललात. मी मान डोलावली. आपण सगळेच डोलावतो तशी, ऐकू आलं नाही की. काय बोलला होतात, बाबा? मी कशाला हो म्हणून बसले आहे?

मिलिंदच्या आई गेल्यावर त्याने तुम्हाला इथे अमेरिकेत, नोव्हायला आणलं, तेव्हा मी तुमच्या येण्याने फार खूश होते असं नाही. खोटं कशाला बोलू. मी पुण्यात कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे, वर्गात माझ्या आवाजाला पोरं टरकायची. इथे नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला नोकरी करायची परवानगी नाही. मिलिंद सकाळी गाडी काढून जायचा तो अंधार पडल्यावर उगवायचा, आणि मी त्या कार्पेटच्या घरात फ्रिजची घरघर ऐकत बसायची. त्यात तुम्ही आलात. ऐकू कमी. कानाचं मशीन मिलिंदने हौसेने आणलेलं, तेही तुम्ही शर्टाच्या खिशात ठेवायचात.

"बाबा, मशीन घाला ना. मी एकेक गोष्ट तीनतीनदा सांगते."

"तू तोंड इकडं करून बोल. मशीनचं काम नाही."

मला ते लागायचं. वाटायचं, सासरेपणा दाखवतायत, वडीलधाऱ्यांशी पाठ करून बोलू नये म्हणून सुनावतायत. मी मुद्दाम सिंककडे तोंड करून भांडी घासत बोलायची. मग मागून यायचंच तुमचं ठरलेलं, "ऐकू नाही आलं. परत सांग." आणि थोड्या वेळाने तुम्ही खुर्ची ओढत ओट्याच्या पलीकडे, बरोबर माझ्यासमोर येऊन बसायचात. मला वाटायचं, भाजीत तिखट किती पडतंय त्यावर देखरेख चाललीये. नागपूरकराला पुणेरी भाजीचा भरवसा वाटत नसणार!

मॅचचं सगळं मिलिंदमुळे. तो त्याच विद्यापीठात शिकलेला, त्यामुळे घरच्या मैदानावरच्या सगळ्या मॅचची दोन तिकिटं दर वर्षी आमच्याकडे असायची. त्या सीझनला त्याच्या कंपनीच्या प्लांटवर नवीन काम सुरू झालं आणि शनिवारसुद्धा गेले. "बाबांना घेऊन तूच जा ना यार, तिकिटं वाया जातील," म्हणाला. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. हे फुटबॉल म्हणजे पायाने खेळतात ते नाहीच, हेही मला तिथे गेल्यावर कळलं.

पहिली मॅच आठवते? बाकड्यावर आपण दोघं, तुम्ही स्वेटरवर कोट, डोक्याला माकडटोपी, सप्टेंबरात. आजूबाजूला तोंडं रंगवलेली पोरं. आपल्या टीमच्या हातात बॉल आला आणि तुम्ही उभे राहून आरोळी ठोकलीत, "हाण! हाण बे त्याले!" सगळं स्टेडियम चिडीचूप होतं, बाबा. हजारो माणसं गप्प, आणि एकटा तुमचा आवाज. पुढच्या रांगेतल्या मार्शाने, ती पांढऱ्या केसांची, गालावर टीमचं चिन्ह चिकटवणारी निवृत्त शाळामास्तरीण, तिने वळून तोंडावर बोट ठेवलं आणि मला समजावून सांगितलं. आपल्याकडे बॉल असला की अगदी गप्प राहायचं. त्यांच्याकडे बॉल गेला की घसा फाटेपर्यंत ओरडायचं.

मी तुम्हाला ते सांगितलं तर तुम्ही खवळलात. "आपला डाव असला तं मुके बसायचं आन् त्याईच्या डावाले ओरडायचं? हे काहून असं उलटं?"

"त्यांचा कप्तान ओरडून सांगतो ना पुढे काय करायचं ते, बाबा. ते बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून."

तुम्ही क्षणभर माझ्याकडे पाहिलंत आणि असे हसलात की माकडटोपी सरकली. "म्हणजे एवढी हजारो माणसं मिळून अकरा जणाईले बहिरं करून राहिली?" तुम्हाला तो खेळ त्या वाक्यातच आवडला. आई गेल्यानंतर मी तुम्हाला पहिल्यांदा हसताना पाहिलं, म्हणून लक्षात आहे.

घरी येताना गाडीत मी म्हटलं, पुढच्या वेळी मी पार्किंगमध्ये गाडीतच मासिक वाचत बसते, तुम्ही बघा मॅच. तुम्ही म्हणालात, "मले कळत नाही ना बाई, कधी थांबायचं ते. सगळे गप्प झाले की मीच एकटा ओरडत राहीन. तू पाहिजे." मग आपलं ठरलं. गुडघ्यावर एक टिचकी म्हणजे ओरडा, दोन टिचक्या म्हणजे बस. सासऱ्याच्या गुडघ्याला टिचक्या मारणारी सून आमच्या सात पिढ्यांत झाली नसेल. तोवर मी तुम्हाला हात लावला होता तो फक्त पायांना, वाकून नमस्कार करताना.

पुढे पुढे घरातही टिचक्या सुरू झाल्या. मिलिंद थकून घरी यायचा, तुम्ही जेवताना त्याच्या नोकरीवर घसरायचात, आणि मी टेबलाखाली दोन टिचक्या मारायची. तुम्ही वरणात मान घालायचात. मिलिंदला वाटायचं, बाबा किती समजूतदार झालेत.

आणि ते किल्ल्या वाजवणं. बॉल पुढे न्यायला चार खेपा मिळतात, त्यातली तिसरी खेप अटीतटीची. त्यांची ती आली की सगळे खिशातल्या किल्ल्या काढून डोक्यावर खुळखुळवतात. इथे आपल्या घराला गॅरेजचं बटण, तुमच्याकडे कुठली किल्ली असणार? पण तुम्ही कोटाच्या आतल्या खिशातून नागपूरच्या घराचा जुडगा काढलात. सगळ्या कुलपांच्या, कोठीच्या, गोदरेजच्या किल्ल्या, अगदी अंगणातल्या नळाच्या चावीसकट. मार्शा तर बघतच राहिली. तो जुडगा तुम्ही आठ हजार मैलांवर कशासाठी बाळगून होतात ते तुम्हालाच माहीत. पण त्याचा आवाज आपल्या रांगेत सगळ्यात मोठा होता.

आता मूळ गोष्ट सांगते. सांगायला अवघड आहे.

तुम्हाला ऐकू येत नाही आणि त्या गोंगाटात तर माझं मलाही ऐकू येत नाही, हे लक्षात आल्यावर मी तिथे बोलायला लागले. आधी एखादंच वाक्य, मग खूप. त्यांच्याकडे बॉल गेला की सगळे उठून ओरडायचे, मीही उठायची, आणि ओरडायच्या ऐवजी तुमच्याकडे तोंड करून मनातलं बोलायची. लोकांना वाटत असेल, बापलेक मॅचबद्दल बोलतायत. मार्शा तुम्हाला माझे वडीलच समजायची. मी सांगायचे की मला इथे आवडत नाही. की मी वर्ग घेत असल्याची स्वप्नं पाहते. एकदा मी म्हटलं, "बाबा, मला दिवसभरात कुणी नावाने हाक मारत नाही हो. माझं नाव काय ते मीच विसरून जाईन." तुम्ही माझ्याकडे तोंड करून नुसत्या किल्ल्या वाजवत होतात.

त्याच्या पुढच्या आठवड्यापासून तुम्ही मला भंडावून सोडलंत. मंजिरी, चष्मा कुठं आहे? मंजिरी, आज वार कोणता? मंजिरी, हे बाहेर कोणतं पाखरू आहे? दिवसभर मंजिरी, मंजिरी. एकदा चष्मा तुमच्या डोक्यावर होता आणि तुम्ही हाका मारत होतात. मी पिठाच्या हातांनी आले आणि म्हटलं, "बाबा, डोक्यावर आहे तो! किती वेळा हाक मारायची माणसाने?" तुम्ही चष्मा खाली ओढून हसलात फक्त. मला वाटलं, म्हातारपण आलं. तेव्हा तरी मला कळायला हवं होतं. नाही कळलं.

मग गेलं वर्ष आलं. त्या मे महिन्यात माझं बाळ पोटातच गेलं. पाचवा महिना होता, मुलगी होती. घरात त्याबद्दल कुणी एक अक्षर काढलं नाही. मिलिंदने कोपऱ्यातल्या खोलीसाठी आणलेले रंगाचे डबे गॅरेजमध्ये नेऊन ठेवले आणि कामावर गेला. त्याचं दुःख त्याच्या पद्धतीने, मी त्याला दोष देत नाही. तुम्ही तर काय बोलणार? सासऱ्याने सुनेशी असल्या विषयावर बोलायची आपल्यात रीतच नाही. तुम्ही ओट्यापलीकडे बसून मटारच्या शेंगा सोलत राहायचात, मी पोळ्या करत राहायची.

शेवटच्या मॅचला कडाक्याची थंडी होती. आपण दोघं एका घोंगडीत पाय गुंडाळून, खिशातल्या पोळीच्या गुंडाळ्या खात बसलो होतो. तिसरी खेप आली, त्यांच्याकडे बॉल, सगळं स्टेडियम उठलं. पायाखालचं बाकडं थरथरत होतं. आणि मी तुमच्याकडे वळून ओरडून म्हटलं, जो माझा मलाही ऐकू आला नाही अशा आवाजात, "मला ती हवी होती, बाबा! सगळे असं वागतात जसं काही झालंच नाही. आणि आता पुन्हा दिवस राहायचीच मला भीती वाटते. मी एकटी पडलेय." मी बहुतेक रडत होते. थंडीत डोळ्यांतून पाणी येतंच, कुणाला काही कळत नाही.

तुम्ही किल्ल्या वाजवायच्या थांबलात. माझ्याकडे वळलात. आणि तुम्ही बोललात. सावकाश, माझ्या तोंडाकडे बघत, एकेक शब्द नीट जोडत. तुमच्या तोंडातून वाफ निघत होती. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मी मान डोलावली. तुमचा चेहरा एकदम निवला, तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. मला वाटलं, हे मॅचबद्दल काहीतरी बोलतायत. त्या रात्री जेवायला तुम्ही एक भाकरी जास्त घेतलीत.

डिसेंबरात तुम्ही नागपूरला निघालात, इथली थंडी सोसवत नाही म्हणून. सप्टेंबरच्या पहिल्या मॅचला परत, असं ठरलं होतं. विमानतळावर तपासणीच्या पलीकडे गेल्यावर तुम्ही वळलात आणि लांबून ओठ हलवलेत, चारपाच शब्दांचं काहीतरी. मी जोरजोरात हात हलवला. फोनवर तर तुम्ही पक्के बहिरे. कॉलिंग कार्डावर अर्धा वेळ "हॅलो, कोण?" मध्ये जायचा आणि मग तुम्ही फोन मोठ्या वहिनींकडे देऊन टाकायचात. ऑगस्टमध्ये त्याच फोनवरून कळलं की तुम्ही दुपारच्या झोपेतून उठला नाहीत.

तेराव्यानंतर मिलिंदचा फोन आला. इथे सकाळ होती, मी चहा टाकत होते. म्हणाला, "कापडगिरणीतले बाबांचे जुने दोस्त आले होते गं. सगळे म्हातारे. अंगणात इकडे दोन बसले, तिकडे तीन, मधे सगळी गर्दी, आणि आवाज न करता एकमेकांशी गप्पा मारून राहिले होते. नुसते ओठ हलवून. बाबांसारखेच."

"बाबांसारखे म्हणजे?"

"म्हणजे काय? बाबा मागखात्यात होते ना पस्तीस वर्षं. तिथे माग सुरू झाले की कानाशी येऊन ओरडलं तरी ऐकू नाही येत. सगळे ओठांवरून बोलतात. त्यातच तर कान गेले बाबांचे." मग म्हणाला, "अगं, तुला माहीत नव्हतं? लहानपणी मी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला शिवी पुटपुटलो तरी मार बसायचा. इथे टीव्ही बघत नव्हते ते त्यामुळेच, इंग्लिश ओठ त्यांना वाचता येत नव्हते. तुझं मात्र सगळं कळायचं त्यांना. तूच म्हणायचीस ना, बाबा समोर येऊन बसतात म्हणून?"

चहा उतू गेला, बाबा. मी गॅससुद्धा बंद केला नाही.

आधी मला तुमचा भयंकर राग आला. सगळं ऐकलंत तुम्ही. माझ्या नवऱ्याला जे सांगितलं नाही, पुण्याला माझ्या आईला फोनवर सांगितलं नाही, ते सगळं तुम्ही समोर बसून वाचलंत आणि मला कळू दिलं नाहीत. ही काय रीत झाली? आणि त्या टिचक्या? गप्प झालेली हजारो तोंडं तुम्हाला दिसत होती. कधी थांबायचं ते तुम्हाला माझ्या आधी कळत असणार. मग मी गुडघ्यावर दोन टिचक्या मारेपर्यंत "हाण बे" करत राहायचं सोंग कशाला? मी गाडीत मासिक वाचत बसू नये म्हणून?

हो. त्यासाठीच. मला आता माहीत आहे. आणि डोक्यावरचा चष्मा शोधणं, बाहेरचं पाखरू, आजचा वार. माझं नाव मी विसरू नये म्हणून तुम्ही एवढा खटाटोप केलात, आणि मी पिठाच्या हातांनी येऊन तुमच्यावर खेकसायची. माझ्या सख्ख्या वडिलांनीसुद्धा माझं इतकं ऐकलं नव्हतं. हे तुम्हाला समोर सांगता आलं असतं तर बरं झालं असतं, ओट्यापाशी, तोंड तुमच्याकडे करून.

आता घरात दिवसभर कुणी हाक मारत नाही. तुमची खुर्ची ओट्यापलीकडेच आहे. मी आता भांडीसुद्धा तिकडे तोंड करून घासायचा प्रयत्न करते, सिंक भिंतीकडे असल्यामुळे मान दुखते.

पण ते शेवटचं बोलणं माझा पिच्छा सोडत नाही. सासऱ्याने जे घरात बोलायचं नाही ते तुम्ही मला ऐकू न येणाऱ्या जागी बोललात, माझ्यासारखंच? की आयुष्यभर ओठ वाचणाऱ्यांमध्ये राहिल्यामुळे तुम्हाला वाटलं, हिलाही वाचता येतंच? मला तेच वाटतं. तुम्ही सांगितलंत, मी मान डोलावली, आणि तुम्ही निवांत होऊन नागपूरला गेलात. विमानतळावर लांबून त्याचीच आठवण करून दिलीत, आणि मी टाटा केला. मी बाथरूमच्या आरशासमोर उभी राहून तुमच्यासारखे ओठ हलवून पाहिले. सुरुवातीला ओठ मिटले होते एवढं आठवतं. म, किंवा ब, किंवा प. मंजिरी असेल. बाळ असेल. परत असेल. आरशात तिन्ही सारखेच दिसतात.

म्हणून शनिवारी गेले. दुसरी कुठली जागा मला सुचली नाही.

मार्शा आधीच येऊन बसली होती, गालावर ते चिन्ह. माझ्या शेजारची मोकळी जागा बघून म्हणाली, "व्हेअर्स युवर डॅड?" मी सांगितलं. मला वाटलं, आता ती इथल्या रिवाजाप्रमाणे सॉरी म्हणेल. त्याऐवजी तिने आपल्या बुडाखालची उशी काढली, तुमच्या जागेवर ठेवली आणि स्वतः उघड्या बाकड्यावर बसली. आत येणारी मंडळी सरकून घ्या म्हणत होती, तर त्यांना तिने हात आडवा केला. शाळेतल्यासारखं.

आपल्याकडे बॉल होता तोवर सगळे गप्प. माझा हात आपोआप उशीवर गेला आणि दोन टिचक्या मारल्या. मार्शाने पाहिलं, पण तोंड पुढे वळवून घेतलं.

मग बॉल त्यांच्याकडे गेला. एक खेप, दुसरी, तिसरी. किल्ल्या बाहेर आल्या. तुमचा जुडगा नागपूरला मिलिंदच्या खिशात आहे, त्यामुळे आपल्या रांगेचा आवाज या वेळी कमीच होता. माझ्याकडे नुसती गाडीची किल्ली, ती मी हातात धरून उभी राहिले. सगळं स्टेडियम उठलं, बाकडं थरथरायला लागलं, मार्शाचे गाल लाल झाले. मी उशीकडे वळले. तोंड नीट तुमच्याकडे केलं, तुम्हाला हवं तसं, आणि सावकाश, एकेक शब्द जोडत म्हटलं,

"बाबा, ऐकू नाही आलं. परत सांगा."